लाटसाहेबांचा मेहुणा आणि गव्हाची नऊ पानं

अहो, ऐकलंत का? लॉर्ड कर्झनचा मेहुणा गव्हात बुडाला! सख्खा हो, बायकोचा भाऊ. नाही नाही, आत्ता नाही, १८९८ साली. पण मला आत्ता कळलं, म्हणजे माझ्या दृष्टीने ताजीच की बातमी! आमच्या ह्यांना सांगायला गेले तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरं, मग?" आता अशा माणसापुढे काय बोलायचं... म्हटलं, त्यापेक्षा तुमच्याकडेच येते. ती बादली ठेवा खाली. कपडे काय, वाळतील सावकाश.

सगळं निघालं ते त्या पत्त्यांवरून. पिट हो, पिट! आमची भाचेसून अमेरिकेहून घेऊन आली ना, तोच खेळ. परवा रात्री आमच्या हॉलमधून जो कल्लोळ ऐकलात तो त्याचाच. वॉचमनने इंटरकॉमवरून विचारलं, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, बाबा, गव्हाचा बाजार भरलाय. तो गप्पच झाला. आणि समोरच्या विंगमधल्या त्या तुम्हाला काय म्हणाल्या? "त्यांच्याकडे प्रॉपर्टीवरून चाललंय काहीतरी." म्हणाल्या ना? तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय. असू दे, असू दे. मी काही मनावर घेत नाही.

तर काय सांगत होते... खेळ. तसा अगदी साधा. राजा नाही, राणी नाही, गुलाम नाही. पानांवर नुसती धान्यं. गहू, जव, मका, राय, ओट, वाळलेलं गवत आणि जवस. प्रत्येकाची नऊ पानं. खेळायला जितकी माणसं तितकी धान्यं घ्यायची, पिसायची आणि प्रत्येकाला नऊ-नऊ वाटायची. ज्याच्या हातात एकाच धान्याची नऊच्या नऊ पानं आली, त्याने तो डाव मारला. ह्याला तिकडे कॉर्नर म्हणतात. गहू जमवला तर १०० गुण, जव ८५, मका ७५, राय ७०, ओट ६०, गवत ५० आणि जवस ४०. ज्याचे ५०० झाले तो जिंकला.

हे गुण ऐकून आमच्या सासूबाई जी बिनसल्या! "गवत पन्नासाला आणि जवस चाळिसाला? आमच्या जवसाच्या चटणीची ही किंमत?" भाचेसून बिचारी हळूच म्हणाली, "आजी, तो खेळ निघाला तेव्हा तिकडे घोडागाड्या होत्या ना, म्हणून गवताला भाव." सासूबाई म्हणाल्या, "मग घोड्यांनाच खेळू दे." आणि उठल्या. पण आत नाही गेल्या बरं का! दाराशी खुर्ची ओढून बसल्या, सगळं दिसेल अशी.

ह्या खेळात आधी तुमची पाळी मग माझी, असलं काही नाही. सगळे एकदम तुटून पडतात. नको असलेली पानं हातात घ्यायची, एकाच धान्याची हं, एक ते चार कितीही. ती उपडी धरून हात पुढे करायचा आणि ओरडायचं, "दोन, दोन, दोन!" काय देताय ते सांगायचं नाही. ज्याला दोन द्यायची असतील तो आपली दोन पुढे करतो, झाला सौदा. तुम्ही ओट खपवलात म्हणून मनातल्या मनात हसताय, तर हातात आलेलं असतं गवत. समोरच्याचंही तेच. दोघांचीही तोंडं एकदमच पडतात, पण बघायला वेळ कोणाला? शेजारचा "तीन, तीन!" करून कानाशी ओरडत असतो.

नऊ जमली की घंटा वाजवायची. आमच्या डब्यातली घंटा तिकडेच राहिली, भाचेसुनेच्या बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून. मी देवघरातली आणायला उठले, तर सासूबाईंनी नुसतं बघितलं. एक शब्द नाही, नुसतं बघितलं. मी तशीच मागे फिरले. शेवटी स्टीलची वाटी पालथी घातली टेबलाच्या मध्यावर आणि बाजूला एक चमचा.

आणि आमचे हे! अहो, जन्म गेला बँकेत, कधी शिपायावरसुद्धा आवाज चढवला नाही. ते हे, गुडघ्यांवर उभे राहून, "एक! एक! एक! एक!" शर्टाचं वरचं बटण कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही. मला तेव्हाच कळलं की ह्यांचं काही खरं नाही. जो सारखा "एक, एक" ओरडतो, त्याचा हात भरत आलेला असतो किंवा तो कशाला तरी घट्ट धरून बसलेला असतो, हे तिसऱ्या मिनिटाला कोणालाही कळतं. झालं होतं काय, ह्यांच्या हातात पाच गहू आणि नणंदेच्या मिस्टरांच्या हातात चार. सगळे मिळून गहू नऊच. दोघंही शंभरावर डोळा ठेवून बसलेले, दोघांनाही वाटतंय दुसरा कधीतरी सोडेल. सोडतंय कोण! आणि नणंदेची धाकटी, आठवीतली, एक अक्षर जास्त न बोलता जवस गोळा करत होती. जवस कोणालाच नको, जो तो टाकतोय, आणि ही आपली उचलतेय... ठण्ण! वाजली वाटी.

तुम्ही हवे होतात चेहरे बघायला. हे चष्मा काढून पुसत बसले, पुसतच बसले. नणंदेचे मिस्टर म्हणाले, "तुम्ही एक पान जरी सोडलं असतंत..." हे म्हणाले, "तुम्ही सोडायचं होतं." मग जेवताना दोघांचं बोलणं बंद. आमटी वाढ म्हणायचं तेही माझ्यामार्फत! पोरगी मात्र चाळीस गुण लिहून घेऊन शांतपणे तूपभात कालवत होती.

हां, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं राहिलंच. ह्या पानांत आणखी दोन पानं असतात, बैल आणि अस्वल. तेजी आणि मंदी, तुम्हाला काय सांगायचं, मुंबईत शेअर बाजाराच्या दारात तो बैल उभाच आहे की. ही दोन पानं घातली की दोघाजणांकडे दहा-दहा पानं जातात. बैल कुठल्याही धान्याच्या जागी चालतो. आठ पानं आणि बैल, झाला कॉर्नर. नऊ आणि बैल, मग गुण दुप्पट. पण दुसऱ्याने घंटा वाजवली आणि बैल तुमच्याच हातात राहिला तर २० वजा. अस्वल मात्र नुसतीच पीडा. हातात अस्वल असेल तर नऊ जमून सुद्धा जिंकता येत नाही, आणि डावाअखेरी २० वजा ते वेगळेच. म्हणजे लवकरात लवकर ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं. एकटं खपवा नाहीतर धान्याच्या पानाबरोबर लपवून. वहिनींनी काय केलं माहितेय? चेहरा असा, जशा काय सत्यनारायणाचा प्रसाद वाटताहेत. "घ्या हो, दोन आहेत, घ्या." आमच्या नणंदेने विश्वासाने घेतलं. एक ओट आणि एक अस्वल! तिचा चेहरा असा काही उतरला की सगळ्यांना कळलं, आता अस्वल हिच्याकडे. मग कोण घेणार हिच्याकडून? पुढचा सगळा डाव ती "दोन, दोन" ओरडत राहिली आणि एकाने हात पुढे केला नाही. वहिनी आपल्या छताकडे बघत होत्या. मी म्हणते, बाई मनाने चांगली असेल, पण तिच्याकडून भिशीचे पैसे मोजून घ्या.

बरं, आता खरी गंमत. हा खेळ काढला कोणी? इथूनच तर सुरुवात झाली. डब्यावर पार्कर ब्रदर्सचं नाव, १९०४. मॅसॅच्युसेट्समधल्या सालेमची कंपनी. तेच सालेम हो, जिथे चेटकिणी म्हणून बायकांवर खटले चालवले. हीच कंपनी पुढे १९३५ मध्ये मोनोपोली विकून गब्बर झाली, आपल्याकडच्या मुलांच्या त्या 'व्यापार'ची थोरली बहीण. पण पिटच्या एक वर्ष आधी, १९०३ मध्ये, कॅन्ससमधल्या टोपेका गावच्या गॅव्हिट नावाच्या गृहस्थाने स्टॉक एक्स्चेंज म्हणून पत्ते काढले होते. त्यात धान्याऐवजी रेल्वे कंपन्या, बाकी आरडाओरडा तोच! म्हणजे आता बघा...

आणि थांबा, अजून एक हक्कदार आहे. एडगर केसी! तोच तो, डोळे मिटून झोपायचा आणि झोपेत लोकांचे आजार ओळखून औषधं सांगायचा. त्याच्या नावाने पुढे केवढा मठ उभा राहिला व्हर्जिनिया बीचला. तर हा केसी तरुणपणी केंटकीमध्ये बोलिंग ग्रीन गावात पुस्तकाच्या दुकानात नोकरीला होता. त्याची माणसं सांगतात की खेळ मुळात त्याने रचला, कंपनीकडे पाठवला, कंपनीने आपल्या नावावर छापला आणि त्याच्या हातावर पत्त्यांचे काही जोड ठेवून आभार मानले. खरं-खोटं देव जाणे. भाचेसून म्हणाली, "मामी, लोकांचं भविष्य सांगणाऱ्याला आपलं भविष्य दिसलं नाही का?" मी म्हटलं, अगं, जागा असेल तेव्हा! झोपेत असता तर कळलं असतं.

माझं मत विचाराल तर बाप कोणी का असेना, पोर जन्मलं शिकागोच्या पोटी. तिकडचं ते बोर्ड ऑफ ट्रेड, १८४८ पासूनचं. तिथे जमिनीवर अष्टकोनी पायऱ्यापायऱ्यांचे खड्डे केलेले आणि त्यात उभे राहून दलाल एकमेकांच्या अंगावर ओरडायचे. तळवा आपल्याकडे वळवला की घेतो, बाहेर वळवला की विकतो. त्या खड्ड्यालाच पिट म्हणायचे. तिथे न पिकलेल्या गव्हाचा सौदा व्हायचा हो! सहा महिन्यांनी देईन, आत्ता भाव ठरवू. आणि मग कोणीतरी पैसेवाला यायचा, बाजारातला झाडून सगळा गहू विकत घेऊन ठेवायचा, आणि ज्यांनी "देईन" म्हणून शब्द दिलेला असायचा ते सगळे त्याच्याच दारात. कारण गहू दुसरीकडे नाहीच! मागेल तो भाव. ह्याला म्हणायचं कॉर्नर. म्हणजे आपली ती पोरगी वाटी वाजवते तेव्हा ती जे करते ना, ते आपल्याकडे केलं तर साठेबाजी म्हणून धाड पडेल.

तर आता आला आपला मेहुणा. जोसेफ लायटर. वडील लीव्हाय लायटर, शिकागोचा बडा आसामी, त्या मार्शल फील्डचा एके काळचा भागीदार. पोरगा हार्वर्डला शिकून आला, तर बापाने धंद्याला म्हणून दहा लाख डॉलर दिले. दहा लाख! आपल्याकडे पोराला स्कूटर घेऊन देताना चार वेळा ऐकवतात. १८९७ मध्ये ह्या पोराने गहू घ्यायला सुरुवात केली. युरोपात त्या वर्षी पीक बुडालेलं, हिंदुस्थानातून गहू जायचा तर आपल्याकडे दुष्काळ. ९६-९७ चा तो मोठा दुष्काळ, वर मुंबईत आणि पुण्यात प्लेग... इथे माणसं धान्याविना मरत होती आणि तिथे हा हिशेब मांडत होता की आता भाव चढणार. मला हे कळलं तेव्हा आमची वाटी-चमचा क्षणभर नकोशी झाली. असो.

तर हा घेतच सुटला. डिसेंबरात गहू द्यायची पाळी होती फिलिप आर्मरवर. तो मांसाचा धंदेवाला म्हातारा, पक्का मुरलेला. लायटरला वाटलं, आर्मर आणतो कुठून? हिवाळ्यात तिकडची मोठाली सरोवरं गोठतात, बोटी बंद. आता म्हातारा माझ्या पाया पडणार. पण म्हाताऱ्याने काय केलं, ऐका! टगबोटी भाड्याने घेतल्या, बर्फ फोडायला लावला, डुलुथच्या बाजूने बोटींवर बोटी लाखो बुशेल गहू शिकागोत आणून ओतला. घे किती घेतोस! लायटरचा चेहरा कसा झाला असेल... मला तर ह्यांचा चष्मा पुसतानाचा चेहराच दिसतो.

शहाणा असता तर तिथे थांबला असता. नाही! तो सगळा गहू घेतला आणि वर आणखी घेत राहिला. आणि नशीब बघा, एप्रिलमध्ये अमेरिका आणि स्पेनची लढाई जुंपली. भाव चढला तो मेमध्ये बुशेलला १ डॉलर ८५ सेंटपर्यंत गेला. त्याच मेमध्ये तिकडे इटलीत मिलानच्या रस्त्यांवर पावाच्या महागाईवरून लोक उतरले आणि सैन्याने त्यांच्यावर तोफा डागल्या. आणि हा जोसेफ पेपरात फोटो काढून घेत होता, तरुण गहूसम्राट म्हणून! पण तेवढ्यात नवीन पिकाच्या बातम्या यायला लागल्या. भरघोस पीक. सम्राटांच्या कोठारात जुना गहू आणि बाहेर नवा गहू. जूनमध्ये भाव कोसळला आणि हा आडवा. नुकसान किती, तर सुमारे एक कोटी डॉलर. भरले कोणी? बापाने! बिचाऱ्याने किती मालमत्ता मोडली असेल...

आणि आता सगळ्यात गोड भाग. ह्या जोसेफची बहीण मेरी. ती १८९५ मध्ये लग्न करून इंग्लंडला गेलेली. नवरा जॉर्ज कर्झन, मोठ्या घराण्यातला, पण खिशाने बेताचाच. इकडे जूनमध्ये भाऊ बुडाला आणि तिकडे ऑगस्टमध्ये जाहीर झालं की कर्झन हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! काय वाटलं असेल हो त्या माउलीला? एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात... आणि कर्झनला? सासऱ्याची तिजोरी रिकामी होताना कोणत्या जावयाला झोप लागते! वर्षअखेरीला दोघं मुंबईला उतरली. पुढे १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी मेरीबाईंनी घातला तो मोरपिसांचा झगा, जरीचा, त्यावर भुंग्यांचे हिरवे पंख टाचलेले. साडेचार किलो भरतो म्हणे! आपली पैठणी बरी. त्याच सुमारास तिकडे फ्रँक नॉरिस नावाच्या लेखकाची 'द पिट' ही कादंबरी बाजारात आली, गव्हाच्या कॉर्नरमध्ये बुडालेल्या माणसाचीच, आणि सगळ्या अमेरिकेला माहीत की हा कोणावर बेतलेला आहे. लेखक बिचारा बत्तिसाव्या वर्षी अपेंडिक्सने आधीच्याच ऑक्टोबरात गेला होता, त्याला त्यातलं काही बघायला मिळालं नाही. म्हणजे ही इथे लाटसाहेबीण म्हणून झगा मिरवतेय आणि माहेरची अब्रू तिकडे दुकानादुकानांत विकली जातेय!

आणि मग १९०४. कादंबरीवरचं नाटक न्यूयॉर्कला लागलेलं, आणि त्याच वर्षी पत्त्यांचा डबाही आला. नाव तेच, पिट. ज्यावरून घर उठलं, तोच आता लोकांच्या दिवाणखान्यातला खेळ. आणि त्याच वर्षी जूनमध्ये म्हातारा लीव्हाय लायटर गेला. मेरीची धाकटी बहीण डेझी, तिचंही लग्न त्याच वर्षी, कर्झनच्याच एडीसीशी, तोही अर्ल. एका बुडालेल्या गव्हाच्या घरातून दोन मुली कशा उजवल्या बघा. मी नेहमी म्हणते, मुलगे दिवे लावतात आणि मुली घर सावरतात. कर्झनने तर इकडे काय दिवे लावले ते आपल्याला माहीतच आहे. बंगालचे तुकडे केले, आणि आपल्या गोखल्यांनी १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये त्याच्या कारभाराची तुलना सरळ औरंगजेबाच्या कारभाराशी केली. गोखले हो! इतका मवाळ माणूस! मेरी पुढच्याच वर्षी गेली, जेमतेम छत्तिशीत.

काय सांगत होते... हां, शिकागो. तिथल्या बोर्ड ऑफ ट्रेडच्या इमारतीवर धान्याची देवी आहे, सेरीस. १९३० मधली, तीस फुटांहून उंच. आणि तिला चेहराच नाही! इतक्या उंचीवर कोण बघायला येतंय, म्हणून नाक-डोळे कोरलेच नाहीत असं सांगतात. पुढे आजूबाजूला तिच्यापेक्षा उंच इमारती आल्या आणि सगळ्यांना दिसायला लागलं. मला विचाराल तर बरंच झालं. खाली चालायचं ते बघून देवीनं कोणता चेहरा करायचा होता? आणि आता तो आरडाओरडाही बंद. २०१५ च्या जुलैमध्ये धान्याचे ते खड्डे ओस पडले, सगळं कॉम्प्युटरवर. आपल्या दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणातली ओरड तर १९९५ मध्येच गेली. ह्यांचे एक मित्र तिथे होते, रिटायर झाल्यावर घरात हळू बोलायला त्यांना शिकावं लागलं म्हणे.

आपल्याकडची खरी रीत मात्र वेगळी. वाशीच्या बाजारात हापूसचा सौदा बघितलाय ना? रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव. चेहऱ्यावर काही नाही, तोंडातून शब्द नाही, शेजारी उभ्या माणसाला पत्ता नाही. मी भाचेसुनेला म्हटलं, तुमचे अमेरिकन ओरडून जे लपवतात ते आमचे लोक गप्प राहून लपवतात. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आणि फसतो तो घेणाराच, दोन्हीकडे." बघा, कान कुठे होते त्यांचे!

आणि कांद्याचं सांगितलं का मी तुम्हाला? नाही? अहो, अमेरिकेत कांद्यावर कायदा आहे! बाकी कशाचाही वायदा करा, कांद्याचा नाही. १९५५ मध्ये दोघाजणांनी, व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगल, शिकागोतला जवळजवळ सगळा कांदा उचलून ठेवला. लासलगावच्या एखाद्या व्यापाऱ्यालाही घाम फुटेल असा खेळ. आधी चढवला आणि मग मंदीवर पैसे लावून सगळा बाजारात ओतायला काढला. वर लबाडी बघा, साठवलेला कांदा सडायला आला तर बाहेरगावी पाठवून साफ करून घ्यायचा, नव्या पोत्यांत भरून परत शिकागोत आणायचा. लोकांना वाटायचं, बापरे, गाड्यांवर गाड्या नवा कांदा येतोय! पन्नास पौंडांचं पोतं पावणेतीन डॉलरला जायचं ते दहा सेंटवर आलं. रिकामं पोतं त्याहून महाग! शेतकरी रस्त्यावर आले, तक्रारी गेल्या, आणि मिशिगनच्या एका खासदाराने विधेयक आणलं. कोण? जेराल्ड फोर्ड! पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. १९५८ मध्ये कायदा झाला आणि अजून आहे. २०१० मध्ये त्याच बंदीत आणखी एक गोष्ट घातली, सिनेमाच्या गल्ल्याचा वायदा. कांदा आणि सिनेमा, दोन्हींत रडूच, म्हणून एकत्र घातलं असेल.

हे सगळं मी ह्यांना सांगितलं, तेव्हा कुठे पेपर खाली ठेवला आणि विचारलं काय, तर "त्या जोसेफने मेमध्ये विकलं असतं तर?" म्हटलं, अहो, तुम्ही चार गहू हातात असताना सोडले नाहीत... "पाच," म्हणाले. पाच! अजून लक्षात आहे बरं का.

तर रविवारी चारला या. तीनपासून सातपर्यंत माणसं चालतात, आमची सहा आहेत, म्हणजे एक जागा आहे आणि ती मी तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या शेजारी बसू नका. गव्हाच्या नादी लागू नका. आणि हातातल्या अंगठ्या घरी काढून ठेवा, मागच्या वेळी नणंदेच्या मनगटावर चांगला ओरखडा उठलाय.